पाचवी ब च्या घरांनो

सहावीच्या वर्गाच्या सूचना आता मोबाइलवर छापील येतात. वर शाळेचं चिन्ह, खाली 'सन्माननीय पालक', त्याखाली एकाखाली एक वाक्यं, शेवटी सही. मी वाचते, ब्लाउजचं कापड परत मशीनखाली सरकवते, आणि थोड्या वेळानं नेमकं काय आणायला सांगितलं होतं ते माझ्या मुलीला, गौरीलाच विचारते. त्या सूचनांत चूक काढण्यासारखं काही नाही. पण त्यांच्यावरून घरात कधी भांडण झालं नाही, कुणी पेढे वाटले नाहीत, कुणाची झोप उडाली नाही. तापकीर बाईंच्या शनिवारच्या निरोपानं हे सगळं झालं होतं.

बाई गौरीच्या पाचवीच्या वर्गशिक्षिका. शनिवारी शाळा अर्धी असते. मुलं गेली की बाई रिकाम्या वर्गात बसून मोबाइल तोंडासमोर आडवा धरायच्या, पाव खाताना धरतात तसा, आणि आठवड्याची हकीकत बोलून वर्गाच्या ग्रुपवर टाकायच्या. लिहून कधी नाही. त्यांचं म्हणणं असं की लिहिलेलं एकच जण वाचतो आणि बोललेलं घरभर ऐकू जातं. सुरुवात ठरलेली असायची, "पाचवी ब च्या घरांनो, बाई बोलतेय." पालकांनो असं त्या म्हणत नसत. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दोघंही कंपनीत, त्यामुळे दप्तर आजी भरायची, कुठं काका, कुठं शेजारीण. पालक म्हटलं की ही माणसं आपल्याला नाही म्हणून मोकळी होतील, असं बाई म्हणायच्या.

मग पुढं, "फर्स्ट शिफ्टवाले बसमधे असतील, त्यांनी कानात घालून ऐका. सेकंडवाले निघायच्या घाईत असतील, त्यांनी बूट घालता घालता ऐका. नाइटवाल्यांना उठवू नका, त्यांना संध्याकाळी ऐकवा." आणि मधेच कुठंतरी, मंगळवारी पीटीचा गणवेश, कार्यानुभवाला रिकाम्या काड्यापेट्या, नखं कापा, असं सगळं सांगत असताना त्या एकदम थांबायच्या आणि विचारायच्या, "ऐकताय ना?" आणि उत्तराची वाट बघायच्या. रेकॉर्डिंगमधे नुसती शांतता, लांबून एखाद्या डंपरचा आवाज. त्या शांततेत माणूस गडबडायचा. मी मशीन थांबवून "हो" म्हणायची. आमचे हे, म्हणजे संतोष, चाकणहून येताना कंपनीच्या बसमधे मोठ्यानं "हो बाई" म्हणाले आणि पुढच्या सीटवरचा सुपरवायझर मागे वळून बघायला लागला. बाई तेवढं थांबून, जणू सगळ्यांचं ऐकून घेतल्यासारखं, "हां, तर" म्हणून पुढं जायच्या.

बाई इथल्याच. रहाटणीतलं जुनं शेतकरी घर. शेतं गेली, त्या जागी उंच इमारती आल्या, पण दोन इमारतींच्या मधे बाईंच्या दिरानं गोठा राखलेला आणि त्यात दोन म्हशी. इमारतीतले लोक वासाच्या तक्रारी करायचे आणि दूधही तिथूनच न्यायचे. बाई अंगानं उंच, चालणं भरभर, साडीचा पदर कमरेला खोचलेला, स्कूटीवर बसल्या की स्कूटी लहान दिसायची. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, स्वच्छ. पण राग आला किंवा हसू आलं की आतली भाषा बाहेर यायची, "आरं असं आस्तंय व्हय?" मुलं त्याचीच वाट बघत असायची, असं गौरी सांगायची.

बाईंचा एक नियम होता आणि त्यानं आम्ही सगळे हैराण होतो. निरोपात त्या नाव कधीच घेत नसत. कौतुकातही नाही आणि तक्रारीतही नाही. मुलगा असो की मुलगी, सगळी त्यांच्या भाषेत 'एक मूल'. "या आठवड्यात वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात रोज नुसती बिस्किटं येतायत. सोमवारी मी डबे बघणार आहे." एवढंच. आता हे मूल कोणाचं? मी गौरीकडं बघितलं, गौरी माझ्याकडं. तिच्या डब्यात एकदा बिस्किटं गेली होती, मला ताप होता तेव्हा. पण एकदा म्हणजे रोज नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं आणि तरी सोमवारी पहाटे उठून मेथीचे पराठे लाटले. गौरी घरी येऊन सांगायला लागली की आज सगळ्या वर्गाचेच डबे भरगच्च होते, एकाच्या डब्यात तर पुरणपोळी होती, आणि बाई प्रत्येक डब्यातला एक घास खाऊन शेवटी पोटावर हात ठेवून बसल्या.

कौतुकाचंही तेच. एकदा त्या म्हणाल्या, "आपल्या मजल्यावरचा नळ गळत होता. एका मुलानं, कुणी सांगितलेलं नसताना, रुमाल बांधून तो थांबवला. त्या घराला माझा नमस्कार." सोमवारी गायकवाड नावाचे एक गृहस्थ, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात, शाळेच्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. आपला सोहमच तो, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. बाईंनी पेढा घेतला, खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या, कुठून आणला ते विचारलं. गौरी मला घरी येऊन म्हणाली, "मम्मी, नळ तर समीक्षानं बांधला, म्या बघितलं." पण सोहम त्यानंतर वर्षभर शाळेतला प्रत्येक नळ बंद करत फिरायचा, हेही तिनंच सांगितलं.

गौरी हे सगळं घरी सांगायची, ते महत्त्वाचं आहे. कारण शाळेत ती एक शब्दही बोलत नव्हती.

आम्ही जिंतूरकडचे. लग्नानंतरची बरीच वर्षं संतोष चाकणला चौघा जणांत खोली करून राहिले आणि मी, गौरी आणि सासूबाई गावाकडं. बाप म्हणजे सणाला येणारा पाहुणा, अशी गौरीची समजूत झाली होती. त्या जूनमधे शेवटी रहाटणीत एक खोली आणि गॅलरी असं घर मिळालं आणि आम्ही दोघी इथं आलो. पहिल्या आठवड्यात मी इतकी खूश होते की गॅलरीत वाळत घातलेला त्यांचा कंपनीचा शर्ट बघूनसुद्धा बरं वाटायचं. एकाच घरात तिघांचे कपडे वाळतायत, एवढंच.

आणि तिकडं शाळेत गौरी दुसऱ्याच दिवशी उभी राहून म्हणाली, "बाई, हा मला चिमटे घ्यायलाय." ते 'घ्यायलाय' ऐकून वर्ग हसला. पुढं ती काहीही बोलली की मागून कुणीतरी तिच्याच सुरात ते परत म्हणायचं, आणि त्यात सगळ्यात पुढं विराज नढे. विराज म्हणजे रहाटणीतल्याच मोठ्या घरचा. बोलण्यात चुरचुरीत, नकला करण्यात पटाईत. बाईंनी त्यांना दटावलं, जागा बदलल्या, गौरीला पुढं बसवलं. पण दटावून हसू बंद व्हायचं, गौरीचं तोंड उघडायचं नाही. हजेरीला ती फक्त हात वर करायची. कविता म्हणायची वेळ आली की ओठ हलायचे. घरी आली की दप्तर टाकायच्या आधीपासून बडबड सुरू, आणि सकाळी शाळेच्या फाटकापाशी ती बंद. संध्याकाळी आजीला फोन लावला की हिचं तासभर चालायचं. आजी शेवटी विचारायची, "बाई, येतीस का मग इकडं?" आणि गौरी गप्प व्हायची. नाही म्हणत नव्हती, ते मला टोचायचं.

दसऱ्याच्या सुमाराला संतोष म्हणाले, "मंगल, लेकरू कोमेजायलंय इथं. दिवाळीला गेलो की तिला आईजवळच ठेवू. तिथल्या शाळेत बोलत तरी होती."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पण राहा तिच्याजवळ. मी काय, आधीही राहतच होतो की."

त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. माझी जीभ मुळात तिखट आहे आणि त्या दिवशी तिला फारच धार होती. पण रात्रभर विचार करून मलाही दुसरं काही सुचलं नाही. मुलीला गप्प करून इथं ठेवायची आणि मी मात्र तिघांचे कपडे एका दोरीवर बघून खूश व्हायचं, हे काही खरं नव्हतं. मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि मग चार दिवस कुठल्याही ब्लाउजचा गळा नीट आला नाही.

गौरीबद्दल सांगायच्या आधी कंपासपेटीचं सांगायला हवं, नाहीतर बाईंचा तो नियम किती पक्का होता ते कळणार नाही. विराजची नवी कंपासपेटी हरवली. बाईंनी निरोपात सांगितलं, "एका मुलाची कंपासपेटी चुकून दुसऱ्या दप्तरात गेली असावी. सगळ्या घरांनी रविवारी दप्तरं झटका. सापडली तर सोमवारी माझ्या टेबलावर ठेवा. कुणी ठेवली ते मी बघणार नाही, मी तोंड धुवायला जाणार आहे." पण विराजची आई ज्योतीताई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. सोमवारी शाळा भरताच ती आली तेव्हा मी फीच्या खिडकीपाशीच उभी होते.

"बाई, नाव सांगा. तुमाला समदं ठावं आस्तंय. ह्या शाळंला आमच्या सासऱ्यांनी जागा दिली हाय."

"दिलीय म्हणून तर वर्ग भरतोय," बाई म्हणाल्या. "जागा तुमची, मुलं माझी. नाव न्हाई मिळायचं, ज्योती."

"मंग माझ्या पोराची वस्तू?"

"वस्तू मिळंल. जा आता, माझा गणिताचा तास हाय."

तो तास झाल्यावर बाई तोंड धुऊन परत आल्या तर टेबलावर कंपासपेट्यांची रांग लागली होती. हरवलेली एक, आणि आलेल्या कितीतरी. त्यात एक आमच्याही घरची होती. शनिवारी निरोप ऐकल्यावर गौरीच्या दप्तरात मला अनोळखी कंपासपेटी दिसली, आणि तिच्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं होईल म्हणून मी तिला विचारलं नाही, संतोषनाही नाही. फी भरायला गेले तेव्हा मी ती गुपचूप टेबलावर ठेवून आले. नंतर कळलं की ती त्यांनीच तिला घेऊन दिली होती. बाकीच्या घरांतही असंच काहीतरी झालं असणार. विराजची पेटी त्या रांगेत नव्हतीच. ती नढ्यांच्या गाडीच्या मागच्या सीटखाली निघाली. पुढच्या शनिवारी बाई एवढंच म्हणाल्या, "हरवलेली वस्तू सापडली. कुठं सापडली ते महत्त्वाचं नाही. बाकीच्या वस्तू ज्याच्या त्यानं ओळखून न्याव्यात, माझं टेबल मोकळं करा."

दिवाळीची सुट्टी जवळ आली. संतोष एका शुक्रवारी शाळेत जाऊन बाईंना भेटले आणि गौरीच्या दाखल्यासाठी अर्ज कसा करायचा ते विचारून आले. बाईंनी का म्हणून विचारलं नाही, असं ते म्हणाले. त्या फळा पुसत होत्या. पुसणं थांबवून म्हणाल्या, "सोमवारी या. त्याच्या आधी उद्याचा निरोप ऐका."

त्या शनिवारचा निरोप मी मशीन बंद करून ऐकला. गणवेश, सुट्टीचा अभ्यास, फराळाचा डबा आणलात तर सगळ्यांना पुरेल असा आणा, हे सगळं झालं. मग बाई म्हणाल्या, "आता शेवटचं. आपल्या वर्गात एक मूल आहे. त्याचा खरा आवाज मी अजून ऐकलेला नाही. मला तो ऐकायचाय. म्हणून सगळ्या घरांना सांगते, आपल्या मुलाचा घरातला आवाज मला पाठवा. कविता नको, पाढे नकोत. ते घरी जसं बोलतं तसं. भांडताना चालेल, जेवताना चालेल. पण चोरून नको. मुलाला विचारून. त्यानं नको म्हटलं तर नको. ऐकताय ना?"

मी "हो" म्हटलं. नाव नसलं तरी हे आमच्या गौरीबद्दल होतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. थोड्या वेळानं आणखी एक आवाज ग्रुपवर पडला. तोही बाईंचाच. पण त्यात त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. गोठ्यात होत्या.

"ए राणी, सर की तिकडं. आगं पाय काढ, घमेल्यात पाय दिलास व्हय? समदी आंबोण सांडली. आता काय चाटशील, माजं डोस्कं? सर म्हंते न्हवं." मग घमेल्याचा खणखणाट, म्हशीचं फुरफुरणं, आणि बाईंचा दमलेला श्वास. शेवटी, "हा माझा घरातला आवाज. आता तुमचे पाठवा."

गौरी गॅलरीतून आत आली. "परत लाव," म्हणाली. परत लावलं. ती हसायला लागली. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ती जमिनीवर बसून पोट धरून हसत होती. मग एकदम गंभीर झाली. "मम्मी, अशी नाय सरकत म्हैस. बाईला येईना गेलंय." मी काहीच बोलले नाही, कारण बोलले असते तर बिघडलं असतं, एवढं मला कळत होतं. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, बटण दाबून धरलं आणि म्हणाली, "बाई, मी गौरी. म्हैस अशी नाय ऐकत. तुमी तिला समोरून ढकलायलाव. आदी मानेला हात लावायचा, खाजवायचं, अन् मग असं म्हनायचं." आणि तिनं जिभेनं टाळू वाजवून, वर एक लांबलचक "हैऽऽ" अशी आरोळी दिली. सासूबाई गावाकडं अगदी तशीच देतात. शेजारच्या घरातलं मूल रडायला लागलं. "आमची आजी असं करती. तुमी करून बघा अन् सांगा," असं म्हणून तिनं ते पाठवूनही टाकलं.

त्या रविवारी ग्रुपवर आवाजांचा पाऊस पडला. मी सगळे ऐकले. एका घरात भात नको म्हणून भांडण चाललं होतं आणि ते मूल आईला "माका नको गो" म्हणत होतं. एक मुलगी धाकट्या भावाला खानदेशी बोलीत झापत होती, "तू काय करी राह्यना रे?" वर्गात हीच मुलगी सगळ्यात शुद्ध बोलते, गौरी चकित होऊन म्हणाली. सोहम गायकवाड सोलापूरकडच्या मामाशी फोनवर बोलताना तर आमच्यापेक्षा वेगळाच सूर लावत होता. म्हणजे सगळ्यांचीच शाळेच्या फाटकाशी भाषा बदलत होती. गौरीला फक्त ते जमलं नव्हतं. नढ्यांच्या घरून आवाज फार उशिरा आला. त्यात विराज हळू आवाजात, अडखळत, "आमच्या घरात कुणी नाय बोलाय, मंग मी काय बोलू," एवढंच म्हणत होता, आणि मागे टीव्ही चालू होता.

सोमवारी संतोषची सेकंड शिफ्ट लागली होती, म्हणून सकाळी ते मोकळे होते. दाखल्याचा अर्ज लिहून खिशात घालून गेले. मी घरी. हातात एका गिऱ्हाइकाचं लग्नाचं ब्लाउज, त्याची बाही मी उलट्या बाजूनं लावून शिवत गेले, ते मला संतोष परत येईपर्यंत कळलं नाही.

ते आले आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसले. मला वाटलं, दिला दाखला. मी शिलाई उसवायला घेतली.

"म्हशी हाकायलेत सगळे," ते म्हणाले.

"कोण सगळे?"

मग त्यांनी सांगितलं. जिना चढून ते वर्गाच्या खिडकीपाशी पोचले तेव्हा आतून आरोळी आली. त्यांना क्षणभर वाटलं, आईच आली की काय गावाहून. बघतात तर गौरी फळ्यापुढं उभी आणि पाचवी ब तिच्यामागून टाळू वाजवत "हैऽऽ" करतेय. बाई खुर्चीवर बसून सांगत होत्या की काल सांजंला त्यांनी गौरीनं सांगितलं तसं राणीच्या मानेला हात लावून बघितला आणि राणी सरकली, पण आरोळी काही जमली नाही, दीर हसत सुटला. विराजला ती आरोळी येत नव्हती. तो परत परत गौरीला विचारत होता, जीभ कुठं लावायची. आणि गौरी वैतागून त्याला, "आरं वर लाव की, वर, तू खाली लावायलास," असं तिच्या त्याच भाषेत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगत होती. कुणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण विराजला.

"बाईंनी मला बघितलं खिडकीतून," संतोष म्हणाले. "हात पुढं केला, अर्ज द्या म्हणून. मी नाय म्हणून मान हलवली अन् आलो खाली."

अर्ज अजून त्यांच्या खिशात होता. मी तो घेतला आणि त्याच्यावर लग्नाच्या ब्लाउजचं माप लिहिलं. मला इतकं हलकं वाटत होतं की उसवलेली बाही मी गाणं म्हणत परत लावली. त्या दिवाळीला आम्ही गावाला गेलो आणि सुट्टी संपल्यावर तिघंही परत आलो. सासूबाईंना थोडं वाईट वाटलं. मग त्याच आल्या, संक्रांतीला, आणि गौरी त्यांना बाईंचा गोठा दाखवायला घेऊन गेली.

बाई त्या वर्षाअखेर निवृत्त झाल्या. निकालाच्या दिवशी सगळी घरं आली होती, ज्यांची शिफ्ट होती तीसुद्धा कुणाशी तरी बदली करून. बाईंच्या टेबलापुढं रांग लागली. माझ्या मनात कधीपासून एक वाक्य तयार होतं आणि मी ते म्हणायला उभी होते. माझ्यापुढं ज्योतीताई होती. ती बाईंचे हात धरून म्हणाली, "बाई, तो आवाजाचा निरोप तुमी आमच्या विराजसाठीच पाठवला, माला तवाच कळलं. आमचं घर लई गप हुतं. आता जेवताना टीव्ही लावीत न्हाई आमी." बाई म्हणाल्या, "बरं झालं, ज्योती." तिच्याही पुढं गायकवाड होते आणि ते मागे वळून बघत होते, कारण तेही नुकतंच सोहमबद्दल तेच बोलून बाजूला झाले होते.

माझी पाळी आली. तयार वाक्य तोंडात होतं, पण ते आता म्हणावं की नाही कळेना. मी विचारलं, "बाई, खरं सांगा. कुणासाठी होतं ते?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या कडेला उभ्या असलेल्या गौरीकडं. "मंगलताई, ह्या शेवटच्या दिवशी नियम मोडायला लावताय व्हय?" म्हणाल्या. आणि गौरीच्या मानेमागे हात लावून खाजवलं. गौरी खिदळत पळाली. मला जे हवं होतं ते मिळालं, असं मी घरी येताना धरून चालले. ज्योतीताईही तसंच धरून गेली असणार.

दुपारी शेवटचा निरोप आला. आम्ही तिघं जेवत होतो. फोन ताटाशेजारी ठेवला. "पाचवी ब च्या घरांनो, बाई बोलतेय. आता आठवण करून देण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नाही. पुस्तकं जपून ठेवा, खालच्या वर्गाला द्या. नखं कापत जा. आणि एक बातमी आहे. आज निकाल झाल्यावर वर्गात एक जण रडलं. नाव सांगणार नाही." मग ती थांबायची जागा आली, पण या वेळी बाईंनी "ऐकताय ना?" विचारलं नाही. नुसत्याच थांबल्या. आणि निरोप संपला.

संतोष वरणात बोट फिरवत बसले. ते शाळेच्या जिन्यात नाक पुसताना मला दिसले होते. मला वाटत होतं, बाईंनी मलाच बघितलं असणार, मी वर्गाच्या दाराआड डोळे पुसत उभी होते तेव्हा. दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही. साऱ्या पाचवी ब च्या घराघरांत त्या वेळी हेच चाललं असेल.

गौरीनं हात धुतले. फोन उचलला. मी काही म्हणायच्या आत बटण दाबून धरलं आणि सगळ्या ग्रुपला ऐकू जाईल अशा तिच्या खणखणीत जिंतुरी सुरात म्हणाली, "बाई, खोटं बोलायलाव तुमी. दुसरं कुनी नाय रडलं. तुमीच रडल्या. म्या बघितलं, कपाटाकडं तोंड करून रडायलत्या."

ते गेलं. परत घेता येईना. वर बाईंच्या नावाखाली, त्या बोलतायत असं दिसायला लागलं. मग ते गेलं, मग परत दिसलं, परत गेलं. आम्ही तिघंही फोनवर वाकून बसलो होतो. शेवटी जो आवाज आला त्यात एकही शब्द नव्हता. बाई हसत होत्या, आणि मागे कुठंतरी राणीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.